पेन हातात, आवाज थेट कानात : वाचकांचे प्रश्न

वाचनपेन म्हणजे छापील ओळीवरून टोक फिरवलं की ती ओळ टिपून बोलून दाखवणारं जाडसर पेन. त्याविषयी आलेल्या पत्रांतली श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पेनाचा बारीकसा स्पीकर यंत्रातून ऐकायला नीट येत नाही, म्हणून आवाज थेट कानात कसा घ्यायचा, हा बहुतेकांचा प्रश्न आहे. नावं दिलेली नाहीत, फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत, शिवाय डिस्लेक्सियाही, म्हणजे वाचनाची अडचणही, आहे. त्याच्यासाठी वाचनपेन घेतलं. पेनाच्या खोक्यावर ब्लूटूथ लिहिलं आहे, यंत्रांतही ब्लूटूथ आहे, मोबाइलवरचं बोलणं त्याला थेट कानात ऐकू येतं. पण पेनाच्या यादीत यंत्रांचं नावच येत नाही. पेन विकणारे म्हणतात यंत्र बिघडलंय, यंत्रवाले म्हणतात पेन बिघडलंय. खरं कोणाचं? – एक आई, फोंडा

उत्तर : बहुधा दोन्ही वस्तू धड आहेत. घोळ आहे तो ‘ब्लूटूथ’ या शब्दाचा. खोक्यावर शब्द एकच छापतात, पण त्याच्या आत निरनिराळ्या बोली आहेत, आणि एक येते म्हणून दुसरी येतेच असं नाही.

हेडफोन, स्पीकर, गाडीतला स्टिरिओ ही मंडळी जुनं, साधं ब्लूटूथ वापरतात. आवाज पाठवण्याची त्यातली ठरलेली रीत म्हणजे ए-टू-डी-पी. ज्या वाचनपेनांतून आवाज बाहेर जातो, ती बहुतेक हीच रीत वापरतात. श्रवणयंत्रांची गोष्ट वेगळी. डाळिंबाच्या दाण्याएवढ्या सेलवर साधं ब्लूटूथ दिवसभर चालवणं जड जातं, म्हणून कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवर स्वतंत्र पद्धती बसवल्या गेल्या. ॲपलची ‘मेड फॉर आयफोन’ २०१४ पासून श्रवणयंत्रांत आली. गूगलने अँड्रॉइडसाठी ‘आशा’ २०१८ मध्ये जाहीर केली. आता या सगळ्यांना एकत्र आणणारी ‘एलई ऑडिओ’ ही पद्धत आहे. तिचे नियम २०२२ मध्ये पूर्ण झाले. ती नव्या फोनांत आणि नव्या यंत्रांत दिसू लागली आहे, पेनांत मात्र सहसा सापडत नाही. साधं ब्लूटूथ थेट घेणारी यंत्रंही आहेत, उदाहरणार्थ फोनाकची २०१८ मध्ये आलेली मार्वेल मालिका. तुमच्या मुलाला फोन थेट ऐकू येतो यावरून त्याचं यंत्र त्या फोनाची बोली जाणतं एवढंच कळतं.

भांडत बसण्यापेक्षा घरच्या घरी दोन चाचण्या करा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

पहिली चाचणी पेनाची. कुठलाही साधा ब्लूटूथ स्पीकर घ्या, पेनाच्या मेनूतून जोडा आणि एक ओळ वाचवा. स्पीकर बोलला तर पेन आवाज बाहेर पाठवतं. स्पीकर यादीतच आला नाही, तर त्या पेनातलं ब्लूटूथ आवाजासाठी नसून टिपलेला मजकूर मोबाइलला किंवा संगणकाला पाठवण्यासाठी आहे. स्कॅनमार्कर एअर हे या जातीचं पेन. हा दोष नव्हे. उलट तुमचं काम त्याने सोपं होतं, कारण मजकूर फोनात गेला की वाचून दाखवतो फोन, आणि फोनाचा आवाज मुलाच्या कानात आधीच पोचतो आहे.

दुसरी चाचणी यंत्राची. बटणांचा, ब्लूटूथ असलेला जुना फोन कोणाकडे तरी मिळेलच. अशा फोनांत फक्त साधं ब्लूटूथ असतं. मुलाच्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा आणि बटणांच्या फोनावर शोध घ्या. यंत्राचं नाव आलं, जोडलं गेलं आणि फोनातलं गाणं कानात ऐकू आलं, तर यंत्र साधं ब्लूटूथ घेतं. नावच आलं नाही तर घेत नाही, आणि मग जगातल्या कुठल्याही दुकानात नेलं तरी ते या पेनाशी थेट जुळणार नाही. आणखी एक खूण : यंत्र फोनाच्या नेहमीच्या ब्लूटूथ यादीऐवजी सेटिंगच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’मधल्या श्रवणयंत्रांच्या पानावर जोडलेलं असेल, तर ते बहुतेक ॲपलच्या किंवा गूगलच्या पद्धतीचं असतं.

दोन्ही चाचण्या पार पडल्या तर पुढचं म्हापशाचं उत्तर वाचा. यंत्राची चाचणी फसली तर साखळीचं.

प्रश्न : वय ७१. माझी यंत्रं साध्या ब्लूटूथची आहेत आणि पेन हेडफोनला व्यवस्थित जोडलं जातं. तरी यंत्रांशी जोडणी कधी होते, कधी होत नाही. नेमका क्रम सांगावा. – निवृत्त शिक्षक, म्हापसा

उत्तर : सर, ‘कधी होते, कधी नाही’ याचं कारण बहुतेक वेळा तिसराच कोणीतरी असतो. यंत्र चालू होताक्षणी ओळखीच्या उपकरणाला हाक देतं, आणि घरातला मोबाइल ती आधी उचलतो. म्हणून सुरुवातीला तुमच्या फोनाचं ब्लूटूथ बंद करा. नातवाचा टॅब, टीव्ही, लॅपटॉप, ज्याच्याशी यंत्र पूर्वी एकदा जरी जोडलं होतं, ते सगळं बंद.

मग पेनाचा ब्लूटूथ मेनू उघडून ठेवा, शोध अजून सुरू करू नका. यंत्रांचे सेलचे दरवाजे उघडा, दहा सेकंद थांबा, बंद करा. चार्जिंगची यंत्रं असतील तर बटण दाबून बंद करा आणि पुन्हा चालू करा. इथून पुढे साधारण तीन मिनिटंच यंत्र नव्या उपकरणाला दिसतं. मेनू शोधण्यात ती तीन मिनिटं निघून जातात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, म्हणून मेनू आधी उघडायचा. आता पेन आणि यंत्रं टेबलावर वीतभर अंतरात ठेवून शोध सुरू करा. यादीत नाव आलं की ते निवडा. नाव कंपनीचं असेलच असं नाही. यंत्र बसवताना ऑडिओलॉजिस्टने तुमचं नाव घातलेलं असू शकतं. साध्या ब्लूटूथच्या बहुतेक जोड्यांत एकच कान पेनाशी जोडला जातो आणि दुसऱ्या कानाला आवाज तो स्वतः पुरवतो, म्हणून यादीत एकच नाव दिसलं तर घाबरू नका. यंत्रं कानात घाला. जोडणी झाल्याचा सूर ऐकू येईल.

दुसऱ्या दिवशी पेन आपोआप जोडलं गेलं तर उत्तम. काही पेनांत रोज मेनूत जाऊन नावावर टिचकी मारावी लागते. फोनाचं ब्लूटूथ वाचन संपेपर्यंत बंदच ठेवलेलं बरं, नाहीतर मधेच आलेला एखादा संदेश ओळ तोडतो. हे सगळं करूनही जोडणी झाली नाही तर पेनातून जुनी नोंद पुसून टाका आणि यंत्राची ओळखीची यादीही ॲपमधून किंवा ऑडिओलॉजिस्टकडून रिकामी करून घ्या. नोंद एका बाजूला राहिली आणि दुसरीकडून गेली, तर दोघं एकमेकांना ओळखतात पण जुळत नाहीत.

आवाजाबद्दल : पेनाचा आवाज दोन-तृतीयांशावर ठेवा, उरलेलं यंत्राच्या बटणाने. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटत असेल तर डोम, म्हणजे यंत्राच्या टोकाची कानात जाणारी मऊ टोपी, पाहा. भोकांच्या उघड्या डोममधून जाड स्वर बाहेर गळून जातात. बंद डोम किंवा कानाच्या मापाचा साचा लावला की पेनाचं बोलणं भरीव होतं. वाचताना बाहेरचा आवाज किती आत यावा हेही ऑडिओलॉजिस्ट संगणकावरून ठरवू शकतात, तेवढं मागून घ्या. वाचताना दारावरची बेल ऐकू यायलाच हवी.

प्रश्न : जोडणी झाली, आवाज स्वच्छ आहे, पण प्रत्येक शब्दाचं डोकं कापलं जातं. मुलीला अर्धाच शब्द ऐकू येतो. – मडगाव

उत्तर : हा दोष फार नडतो आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. इंग्रजी शब्दाचा अर्थ बरेचदा पहिल्या अक्षरातच पालटलेला असतो. ‘अनहॅपी’चं डोकं कापलं की ‘हॅपी’ उरतं, ‘इर्रेग्युलर’चं ‘रेग्युलर’ होतं. मुलगी ऐकलं ते बरोबर सांगते आणि शाळेत उत्तर चुकतं.

यंत्र एरवी आपल्या मायक्रोफोनातून ऐकत असतं. पेनाकडून आवाज आला की त्याला मायक्रोफोन मागे सारून त्या आवाजाकडे वळावं लागतं, तेही दोन्ही कानांत एकाच वेळी. यात अर्धा-एक सेकंद जातो, आणि पेन तोवर बोलायला लागलेलं असतं. आवाज थांबला की काही सेकंदांनी यंत्र परत मायक्रोफोनकडे जातं. एकेक शब्द वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे प्रत्येक शब्दाला घडतं. सलग गाणं ऐकताना कळतही नाही, कारण तिथे फक्त पहिली ठिणगी हरवते.

सगळ्यांत हुकमी उपाय म्हणजे शब्द वाचून झाल्याबरोबर ‘पुन्हा ऐका’चं बटण दाबणं. तोवर यंत्र पेनाकडेच कान लावून असतं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला शब्द पूर्ण येतो. मुलीला हीच सवय लावा : पहिला उच्चार जागं करण्यासाठी, दुसरा ऐकण्यासाठी. दुसरा उपाय, एका शब्दाऐवजी त्याच्या आधीचे दोन-तीन शब्द धरून टोक फिरवायचं, म्हणजे कापलं गेलंच तर आधीच्या शब्दाचं डोकं जाईल. काही पेनांत बोलण्याआधी थोडी शांतता सोडण्याची सोय असते, सेटिंगमध्ये पाहा. पेनाचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर ते अद्ययावत करूनही पाहा. बोलण्याचा वेग कमी केल्याने हे सुटत नाही. हळू बोललं तरी सुरुवातच हरवते. वायरीच्या जोडणीत, म्हणजे खाली वाळपईच्या उत्तरात सांगितलेल्या, गळ्यात घालायच्या नेकलूपमध्ये, हा दोष येतच नाही, आणि शब्द-शब्द वाचणाऱ्या लहान मुलांना आम्ही नेकलूपच सुचवू.

प्रश्न : माझं यंत्र आयफोनशी जुळणारं आहे. पेनाला फक्त हेडफोनचं भोक आहे. त्या भोकात लावायचं ब्लूटूथ डोंगल दुकानदार देतोय. घ्यावं का? की पेन फोनला आणि फोन यंत्राला असं जोडता येईल? – साखळी

उत्तर : डोंगल घेऊ नका. ते साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सोडतं. तुमच्या यंत्राला ती बोली कळत नाही, म्हणजे महागाचं डोंगल घेतलं तरी ते तुमच्यासाठी मुकंच राहील. ज्यांचं यंत्र बटणांच्या फोनाच्या चाचणीत उतरलं, त्यांना मात्र डोंगल चालेल. त्यांनी ते ‘टीएक्स’, म्हणजे पाठवण्याच्या खुणेवर सरकवायचं. ‘आरएक्स’वर राहिलं तर ते आवाज घेण्याची वाट पाहत बसतं आणि माणूस यंत्राला दोष देतो.

फोन मधे घालण्याची कल्पनाही चालत नाही. फोन हेडफोनला आवाज देतो, दुसऱ्याकडून घेऊन पुढे पोचवत नाही.

तुमच्यासाठी मार्ग आहे तो यंत्राच्याच कंपनीच्या स्ट्रीमरचा. कंपन्या आपल्या यंत्रांसाठी स्वतःची बिनतारी जोडणी ठेवतात आणि तिच्यासाठी खिशात मावणारा मायक्रोफोन किंवा टीव्हीजवळ ठेवायची डबी विकतात. त्यातल्या काहींना बाहेरून आवाज घेण्याचं भोक, म्हणजे लाइन-इन असतं. रीसाउंडच्या मल्टी माइकला ते आहे. टीव्हीच्या डब्यांनाही असतं, फक्त त्या प्लगला लावून ठेवाव्या लागतात, म्हणून त्या घरच्या अभ्यासाच्या टेबलापुरत्या. ऑडिओलॉजिस्टना नेमकं असं विचारा : ‘माझ्या या मॉडेलला चालणारा, साडेतीन मिलिमीटरचं लाइन-इन असलेला स्ट्रीमर कोणता?’ मॉडेल सांगणं आवश्यक आहे. त्याच कंपनीचा पण मागच्या पिढीचा स्ट्रीमर पुढच्या पिढीच्या यंत्राला चालेलच असं नाही. उसना घेऊन आधी पेनाला लावून पाहायला मिळाला तर फारच छान.

वायर दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची, स्टिरिओ घ्या. प्लगवर दोन काळी कडी असतात ती स्टिरिओ. एक कडं असलेली मोनो वायर लावली की बहुधा एकाच कानात आवाज येतो. काही नव्या पेनांना गोल भोक नसून फक्त टाइप-सी असतं. ते पुष्कळदा केवळ चार्जिंगसाठी असतं, त्यातून आवाज निघत नाही. विकत घेण्याआधी दुकानात साधा हेडफोन लावूनच पाहा.

प्रश्न : वडिलांना शिबिरात सरकारी योजनेतून कानामागचं यंत्र मिळालं. ब्लूटूथ नाही. पेन वापरता येईल का? – वाळपई

उत्तर : येईल, आणि बहुधा वर दिलेल्या सगळ्या उपायांपेक्षा कमी खर्चात. यंत्रावर ‘एम’ आणि ‘टी’ अशा खुणांची कळ आहे का पाहा. ‘टी’ म्हणजे टेलिकॉइल, यंत्राच्या आत बसवलेलं तांब्याच्या तारेचं चिमुकलं वेटोळं. गळ्यात घालायचा नेकलूप नावाचा तारेचा फास मिळतो. त्याची पिन पेनाच्या हेडफोनच्या भोकात घालायची आणि यंत्राची कळ ‘टी’वर सरकवायची. पेनाचा आवाज तारेभोवती चुंबकीय लहरी होऊन उठतो आणि वेटोळं तो टिपतं. ब्लूटूथ नाही, जोडणीचा क्रम नाही, शब्दाचं डोकं कापलं जाणं नाही.

कळ नसली तरी आशा सोडू नका. पुष्कळ यंत्रांत टेलिकॉइल असतो पण यंत्राच्या सेटिंगमध्ये चालू केलेला नसतो. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा तुम्ही जाता त्या ऑडिओलॉजिस्टकडे मॉडेल दाखवून विचारा. असेल तर संगणकाला जोडून तो चालू करून देतात.

दोन गोष्टी मात्र त्रास देतात. ‘टी’वर गेलं की जुन्या चोकची ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर यांची घरघर ऐकू येते. तक्रार करण्याआधी बसण्याची जागा हातभर सरकवून पाहा. दुसरी गोष्ट वाचणाऱ्यालाच नडते. माणूस पुस्तकावर मान वाकवतो, मग कानातलं वेटोळं तिरपं होतं आणि आवाज बसतो. मान सरळ केली की परत येतो. वडील ‘पेन मधेच हळू बोलतं’ म्हणतील ते यामुळे. आवाज वाढवून उपयोग नाही. पुस्तक उतरत्या फळीवर किंवा पाटावर तिरपं टेकवून डोळ्यांच्या पातळीला आणा. यंत्रावर ‘एमटी’ ही तिसरी खूण असली तर तिच्यावर पेन आणि घरातली माणसं दोन्ही ऐकू येतात.

प्रश्न : पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून मराठी पुस्तकं वाचायची आहेत. पेनाचा स्पीकर तिथे लावता येत नाही, आवाज यंत्रातच हवा. कोणतं पेन मराठी वाचतं? – पणजी

उत्तर : आवाज यंत्रात कसा न्यायचा ते वर आलंच आहे. अडचण मराठीची आहे. बाजारातली बरीचशी वाचनपेनं इंग्रजी आणि युरोपीय भाषांसाठी केलेली आहेत. ‘हिंदी वाचतं’ असं लिहिलेल्या पेनावरही लगेच विश्वास टाकू नका. आपली लिपी तीन मजली आहे : वर मात्रा-वेलांटी, मधे अक्षर, खाली उकार. पेनाची काच अरुंद असते. हात जरासा वर गेला की खालचा उकार काचेबाहेर राहतो आणि ‘मुळा’चा ‘मळा’ होतो. खाली गेला की मात्रा सुटते. शिवाय हिंदी आवाज ‘चमचा’तला ‘च’ हिंदीसारखा उच्चारतो आणि ‘ळ’ला अडखळतो. चांगला कान असलेला माणूस अंदाजाने सावरून घेतो, पण श्रवणयंत्रातून ऐकणाऱ्याला अंदाजावर आधीच पुष्कळ भार टाकावा लागतो, त्यात हा आणखी.

म्हणून मराठीसाठी आम्ही सध्या पेनाऐवजी फोन सुचवतो. अँड्रॉइडवर गूगल लेन्सने पानाचा फोटो घ्या, मजकूर निवडा आणि ‘ऐका’ दाबा. फोनाच्या सेटिंगमध्ये मजकूर वाचून दाखवणाऱ्या भागात जाऊन मराठी आवाज आधी उतरवून ठेवा, ग्रंथालयात ऐन वेळी तो उतरवत बसावं लागू नये. फोन तुमच्या यंत्राशी जोडलेला असेल तर आवाज थेट कानात येतो. पुस्तक पूर्ण उघडून सपाट धरा. शिवणीजवळच्या वळलेल्या ओळी चुकतात.

रोमी, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या, कोकणीचं विचारणारं एक पत्र आहे, त्याचंही इथेच सांगतो. पेन ती इंग्रजी समजून वाचतं. शब्दाच्या शेवटचा ‘एम’ रोमीत नाकातला उच्चार दाखवतो, पेन त्याचा सरळ ‘म’ करतं, आणि ‘गोंय’चं ‘गोएम’ ऐकू येतं. थोड्या सवयीने समजतं, पण नव्या माणसाने त्यावर विसंबू नये.

प्रश्न : आजोबांचे पोर्तुगीज दस्तऐवज पेनाने ऐकता येतील? – केपे

उत्तर : टंकलेले किंवा छापलेले असतील आणि पेनात पोर्तुगीज असेल तर येतील. भाषा बदलायला विसरू नका, नाहीतर इंग्रजी आवाज त्याचं काहीतरीच करतो. हाताने लिहिलेले दस्त पेन वाचत नाही. १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेआधीच्या छपाईत जुनी स्पेलिंगं आहेत, तिथे उच्चार थोडा अडेल. ठिसूळ कागदावर पेनाचं टोक घासू नका. झेरॉक्स काढून त्यावरून फिरवा.

प्रश्न : दहावीच्या परीक्षेत पेन आणि श्रवणयंत्र वापरू देतील का? – डिचोली

उत्तर : श्रवणयंत्र हे साहाय्यक साधन आहे, ते काढायला लावण्याचा प्रश्न नाही. पेनासाठी मात्र मंडळाची लेखी परवानगी शाळेमार्फत आधी घ्यावी लागेल. दहावीचं वर्ष सुरू होताच मुख्याध्यापकांना अर्ज द्या, सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जोडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) दोन्ही आहेत. तुमच्या मुलाला दोन्ही असतील तर प्रमाणपत्रात दोन्ही नोंदवून घ्या. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक किंवा वाचक घेणाऱ्यांना तासाला किमान २० मिनिटं भरपाईचा वेळ सांगितला होता.

अर्जात ‘ब्लूटूथ’ हा शब्द येऊ देऊ नका, असा सल्ला काही पालक एकमेकांना देतात. आमचं मत उलट आहे. स्पष्ट लिहा, आणि जोडणी वायरीची, नेकलूपची ठेवा. परीक्षागृहात बिनतारी उपकरण दिसलं की पर्यवेक्षकाची शंका रास्तच असते, आणि ती दूर करण्यात मुलाची वेळ जाते. पेनात शब्दकोश किंवा साठवलेल्या फाइली असतील तर त्या बंद करता येतात का ते पाहा. काही कंपन्या शब्दकोश नसलेलं, परीक्षेपुरतं पेन वेगळं विकतात. शाळेच्या चाचणी परीक्षांना तेच पेन, तोच लूप वापरा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत मुलाचा हात बसलेला असतो.

प्रश्न : उन्हाळाभर सगळं नीट चाललं. पाऊस सुरू झाल्यापासून पेन बोलायला लागलं की यंत्र ‘टिंग टिंग’ करून बंद पडतं. पेन बाजूला ठेवलं की यंत्र ठीक. – पेडणे

उत्तर : सेल थकला आहे. साध्या ऐकण्याला तो पुरतो, पण ब्लूटूथचा आवाज घेताना यंत्र एकदम जास्त वीज ओढतं, सेलचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि यंत्र स्वतःला बंद करून घेतं. दाब मोजायच्या साध्या चाचणीत हा सेल ‘चांगला’ दाखवेल, कारण त्या वेळी त्याच्यावर भारच नसतो. नवा सेल घालून पाहा. तपकिरी पट्टीचा ३१२ नंबरचा असेल तर पेन रोज वापरणाऱ्यांना तो नेहमीपेक्षा लवकर बदलावा लागणारच. पट्टी काढल्यावर सेल लगेच घालू नका, पाचेक मिनिटं उघडा ठेवा. हे सेल हवेतला प्राणवायू घेऊन चालतात.

नव्या सेलनेही तेच झालं तर दरवाजा उघडून भिंगाने आतल्या पत्र्या पाहा. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर ती आपल्या दमट, खाऱ्या हवेची करणी आहे. कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झटका, पाणी किंवा स्पिरिट आत लावू नका, आणि पत्री खाल्ली गेली असेल तर दुरुस्तीला द्या. पावसाळ्यात रात्री सेल काढून, दरवाजा उघडा ठेवून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. मण्यांचा रंग बदलला की ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवून घ्या किंवा बदला.

पेनही याच दिवसांत फसवतं. एसीच्या खोलीतून बाल्कांवात, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, आणलं की थंड काचेवर बाष्प धरतं आणि पेन अर्धवट शब्द वाचतं. काच सुती कापडाने पुसा, दहा मिनिटं थांबा, मग वापरा. आणि राखीव सेल फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यांच्यावरही असंच पाणी सुटतं.